कोंबड्यावाचून अंडे

बेंगळुरूच्या वायव्येस हेसरघट्टा येथे केंद्र शासनाची कुक्कुटविकास व प्रशिक्षण संस्था आहे. निरनिराळ्या पैदासकारांच्या कोंबड्या एकाच ठिकाणी, सारख्याच खाद्यावर वाढवून त्यांच्या अंडी देण्याच्या क्षमतेची तुलना येथे अनेक वर्षे केली गेली. केवळ अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा ठेवण्याचे कारण नसते. त्याच्यावाचूनही त्या जवळजवळ रोज अंडे घालतात. खुराड्यात कोंबड्यांबरोबर कोंबडा पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे सहसा पटत नाही. नित्य एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचे कारण असावी, असे मानण्याकडे मनाचा कल असतोच.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. बाजारातील अंडी आणून ती खुडूक कोंबडीखाली ठेवणाऱ्या कुटुंबाची निराशा बहुधा ठरलेली असते. कोंबडी एकवीस दिवस अर्धपोटी बसून राहते, त्या काळात तिचे अंडी देणे बंद असते, आणि शेवटी हाती नासकी अंडी येतात. दुसरीकडे, प्रत्येक अंड्यात एक जीव असतो या समजुतीने अंडे वर्ज्य मानणारेही पुष्कळ आहेत.

कोंबडीच्या शरीरात सामान्यतः फक्त डावा बीजांडकोश व डावी बीजवाहिनी यांचीच पूर्ण वाढ होते. बीजांडकोशात सहस्रावधी सूक्ष्म बीजांडे जन्मतःच असतात. तलंग सुमारे १८ ते २० आठवड्यांची झाली की त्यांतील एकेकात पिवळा बलक भरू लागतो. त्याची सामग्री यकृतात तयार होऊन रक्तावाटे येते. पक्व झालेला बलक सुटून बीजवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या मुखात पडतो. तेथे तो जेमतेम पाव ते अर्धा तास असतो. फलन व्हायचे असेल तर ते एवढ्याच अवधीत. पुढे सुमारे तीन तासांत पांढऱ्या बलकाचे थर चढतात, तासाभराहून थोड्या अधिक वेळात पातळ पापुद्रे तयार होतात, आणि त्यानंतरचे जवळजवळ वीस तास कवच घडण्यात जातात. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. त्यातील काही भाग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. शुक्रपेशीशी गाठ पडो वा न पडो, हा प्रवास तसाच पूर्ण होतो.

निसर्गाने ही उधळपट्टी का मान्य केली असावी? सस्तन प्राण्यांत गर्भ राहिल्यावर त्याच्या पोषणाची तजवीज सुरू होते. पक्ष्यांत मात्र पिलाची सारी शिदोरी, म्हणजे बलक, फलनाच्या आधीच बांधली जाते. प्रवासी येणार की नाही हे ती बांधताना ठाऊक नसते. शिवाय कवच एकदा तयार झाले की शुक्रपेशीला आत शिरण्यास वाट उरत नाही.

अंडी देण्याची आज्ञा कोंबड्याकडून येत नाही, ती प्रकाशाकडून येते. प्रकाश कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून आंधळी कोंबडीही दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देते. मेंदूच्या इशाऱ्यावर पीयूष ग्रंथी आपली संप्रेरके सोडते व बीजांडकोश कामाला लागतो. बेंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील सर्वांत मोठा दिवसही १३ तासांच्या आतच असतो. अंड्यांवरील कोंबड्यांना १४ ते १६ तास प्रकाश लाभदायक ठरतो. ही उणीव पहाटे किंवा सायंकाळी दिवे लावून भरून काढतात. रानकोंबडी एका वेळी मोजकी अंडी घालून उबवण्यास बसते. माणसाने अंडी उचलून नेली आणि खुडूक न होणाऱ्या कोंबड्या पिढ्यानपिढ्या निवडल्या, म्हणून आजच्या जाती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देतात.

मग कोंबड्याचे काम कोणते? पिलू, आणि केवळ पिलू. एका मीलनातील शुक्रपेशी मादीच्या बीजवाहिनीतील सूक्ष्म ग्रंथींत साठून राहतात, व कोंबडा दूर केल्यावरही दोन-तीन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. कोंबडा विकल्याच्या दुसऱ्याच दिवशी अंडी निर्जीव झाली असे मानणे म्हणूनच चूक होय.

१९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. कोंबड्याच्या संगतीविना मिळालेल्या अंड्यातून पिलू होत नाही. तेव्हा ज्याला दूध चालते त्याला असे अंडे घेण्यास हरकत नसावी, असे मत त्यांनी त्यात मांडले. शास्त्रदृष्ट्या ते बिनचूक आहे. तरी वाद मिटला नाही. २०२१ साली कर्नाटकातील काही जिल्ह्यांत शाळकरी मुलांना अंडी देण्याचे ठरताच काही धर्मगुरूंनी विरोध केला. अफलित अंड्यात जीव नसतो, एवढे निश्चित सांगता येते. मात्र ते घालणारी कोंबडी स्वतः एका फलित अंड्यातूनच आलेली असते, आणि तिच्याबरोबर जवळपास तितकेच नर जन्मतात. अंड्यांच्या व्यवसायाला निरुपयोगी असलेली ही पिले बहुधा पहिल्याच दिवशी मारली जातात किंवा कवडीमोलाने विकली जातात. अहिंसेचा विचार करणाऱ्याने अंड्याइतकाच या पिलांचाही विचार करायला हवा.

फोडलेल्या अंड्यात दिसणारा रक्ताचा ठिपका पिलाची खूण नव्हे. बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्याने तो येतो. खरी खूण बलकावरील पांढऱ्या ठिपक्यात असते: अफलित अंड्यात तो लहान व वेडावाकडा, तर फलित अंड्यात वाटोळा, कडेला वलय असलेला दिसतो. पण त्यासाठी अंडे फोडावे लागते. उबवणीस ठेवलेली अंडी न फोडता तपासायची असतील, तर सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडे दिव्यासमोर धरावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर ते पुन्हा कोंबडीखाली सारावे. स्वच्छ दिसले तर बाजूला काढावे.