छप्पर हलके हवे, की गार?

हसनाबाद हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील गाव. मराठवाड्यातील अशा गावांतून जुने माळवदाचे घर आणि नवे पत्र्याचे घर शेजारी शेजारी दिसते. वैशाखातील दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. माळवदाखाली मात्र बरे वाटते. असे का?

पत्रा जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर जाड. उन्हाने तो तापला की त्याची खालची बाजूही लगेच तापते. मातीतून उष्णता फार सावकाश सरकते. मातीचा थर ३० सेंटिमीटर जाड असेल, तर वरची दुपारची उष्णता खाली पोचायला सुमारे १० तास लागतात आणि वाटेत तिचा जोर बराच ओसरतो. म्हणजे दुपारचा ताप घरात उतरतो तो मध्यरात्रीच्या सुमारास! उन्हाळ्यात माणसे रात्री अंगणात किंवा माळवदावर का निजतात, हे आता लक्षात आले ना?

मग सर्वांनी माळवदेच बांधावीत काय? थांबा, थोडे गणित करू. खोली ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब आहे. तिच्यावरील ३० सेंटिमीटर मातीचे घनफळ ३.६ घनमीटर होते. घनमीटरला १,६०० किलोग्रॅम धरले, तर वजन ५,७६० किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टन! तेवढ्याच पत्र्याचे वजन सुमारे ६० किलोग्रॅम भरेल.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हा न्यूटनचा नियम तुम्ही शिकला आहात. जमीन हादरली की जड छपरामुळे भिंतींवर मोठे बल येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, जड माळवदे खाली आली आणि झोपेतच हजारो माणसे दगावली. उन्हापासून राखणारे छप्परच जीवावर उठले.

तेव्हा खरा प्रश्न असा: हलके, गार आणि गरिबाला परवडणारे छप्पर कसे करावे? अशा प्रश्नांचा अभ्यास म्हणजे इमारत-विज्ञान. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्था १९४७ पासून हे काम करीत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा गट स्थापन झाला. मातीत थोडे सिमेंट मिसळून, दाबून केलेल्या विटांवर त्याने मोठे संशोधन केले.

या वाटेने जायचे तर बारावीला भौतिकी व गणित हवे. पुढे स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वास्तुकलेची पदवी घ्यावी. त्यानंतर दोन रस्ते फुटतात. नेहमीच्या एम.टेक.मध्ये वर्गातील विषयांवर भर असतो. संशोधनाच्या पदवीत विषय थोडे. मुख्य काम एकच प्रश्न घेऊन, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली मोजमापे करणे आणि प्रबंध लिहिणे. बंगळूरच्या संस्थेत एम.टेक. (संशोधन) आणि मद्रासच्या आय.आय.टी.त एम.एस. (संशोधन) अशा पदव्या आहेत. अभियांत्रिकीच्या पदवीधरांना प्रवेशासाठी बहुधा 'गेट' परीक्षा द्यावी लागते. मुलाखतीत तुमची जिज्ञासाही पारखली जाते. पुढे पीएच.डी.चे दार उघडते.

पण सुरुवातीला पदवीच हवी असे नाही. शिक्षकांच्या परवानगीने शाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. एक माळवदाच्या व एक पत्र्याच्या खोलीत, चुलीपासून दूर आणि सारख्याच उंचीवर टांगा. दारे-खिडक्या दोन्हीकडे एकाच वेळी उघडा व मिटा. सात दिवस, सकाळी ६ ते रात्री १०, दर दोन तासांनी नोंद करा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. कमाल तापमान कोठे अधिक आले? कोठे उशिरा आले? पत्र्यावर चुना फासला किंवा खाली तुराट्यांचे छत केले, तर आलेख कसा बदलेल?

उत्तर आधी अंदाजाने लिहून ठेवा, मगच मोजा. अंदाज चुकला तर कारण शोधा. संशोधनाची सुरुवात तेथेच होते.