हे कापड कुठलं?

मित्रांनो, कलेवरचा लेख म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे जण पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. पण जरा थांबा. या लेखात रोलर आहेत, राळ आहे, डाय बाथ आहे आणि इन्स्पेक्शनमध्ये सरळ रिजेक्ट व्हावा असा एक डिफेक्टसुद्धा आहे. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांनी तरी वाचायलाच हवं!

यिंका शोनिबारे या कलाकाराचा जन्म १९६२ मध्ये लंडनला झाला. आईवडील मूळचे नायजेरियाचे. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब लागोसला परत गेलं. घरात योरुबा भाषा, शाळेत इंग्लिश. पुढे शिक्षणासाठी ते पुन्हा इंग्लंडला आले, आणि कला शिकायला सुरुवात केली न केली तोच मज्जारज्जूच्या आजाराने त्यांना गाठलं. शरीराची एक बाजू कायमची अधू झाली. तरीही शिक्षण त्यांनी पूर्ण केलं.

कॉलेजात असताना ते सोव्हिएत रशियातल्या पेरेस्त्रोइकावर काम करत होते. तेव्हा एका शिक्षकांनी त्यांना विचारलं, की तू आफ्रिकन वंशाचा ना, मग अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस?

हा प्रश्न वाचून मी थबकलेच. माझ्या शाळेत मराठीत बोललं की दंड व्हायचा. आणि इथे हॉस्टेलवर माझ्या मराठीत चार इंग्लिश शब्द आले की कोणीतरी म्हणणारच, "तू काय बाई, कॉन्व्हेंटवाली!" म्हणजे तिकडेही तपासणी, इकडेही तपासणी. अस्सल असणं म्हणजे नक्की काय असतं, आणि त्याचं सर्टिफिकेट कोण देतं?

शोनिबारेंनी शिक्षकांशी वाद घातला नाही. ते उठून दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या बाजारात गेले. तिथे आफ्रिकन लोक घेतात ते भडक रंगांचं, मोठ्या नक्षीचं कापड मिळतं. बघणाऱ्याला वाटतं, हे शंभर टक्के आफ्रिकेचं. पण चौकशी केल्यावर त्यांना कळलं, की हे कापड बनतं युरोपात!

आता आपल्या कामाचा भाग. इंडोनेशियातल्या जावा बेटावर बाटिक करतात. कापडावर वितळलेल्या मेणाने हाताने नक्षी काढायची, मग कापड रंगात बुडवायचं. मेणाखाली रंग पोचत नाही, म्हणून मेण काढलं की नक्षी उमटते. काम अप्रतिम, पण प्रचंड वेळखाऊ. जावा तेव्हा डच लोकांच्या ताब्यात होतं. १९ व्या शतकात डच कारखानदारांनी विचार केला, की हेच मशीनवर काढलं तर? कोरलेल्या रोलरने कापडाच्या दोन्ही बाजूंना राळ छापायची, मग ते निळीत बुडवायचं. माल स्वस्तात तयार आणि विकायचा परत जावातच. बिझनेस प्लॅन म्हणून झकास.

पण राळ सुकली की तडकते. त्या बारीक भेगांतून नीळ आत झिरपते आणि नक्षीवर शिरांसारख्या रेघा उमटतात. शिवाय राळ पूर्ण निघत नाही, तिचे ठिपके राहतात. जावातलं गिऱ्हाईक हातकाम ओळखणारं, त्याला हा माल पसंत पडला नाही. पण १९ व्या शतकाच्या अखेरीस तोच माल पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या घानामध्ये पोचला आणि तिथे तो धडाक्यात खपला. त्या वेड्यावाकड्या रेघांमुळे कापडाचा एक वार दुसऱ्यासारखा नसतो, आणि लोकांना तेच आवडलं. पुढे कारखान्यांनी राळ मुद्दाम तडकवायला सुरुवात केली. आपल्या क्वालिटी कंट्रोलच्या पुस्तकात असलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

गंमत म्हणजे कापड विकणाऱ्या आफ्रिकन बायकांनी एकेका डिझाइनला स्वतःची नावं दिली, त्यांचे अर्थ ठरवले. टोगो देशातल्या काही व्यापारी बायका यातून इतक्या श्रीमंत झाल्या, की मर्सिडीझ गाड्यांमुळे त्यांना 'नाना बेन्झ' म्हणू लागले. घाना १९५७ मध्ये आणि नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला, त्या काळात तर हे कापड आफ्रिकन अभिमानाची खूणच बनलं. मग आता सांगा, हे कापड कुठलं? जावाचं, हॉलंडचं की घानाचं?

(आपल्याकडेही बघा ना. साइटवरचं घमेलं, खोलीची चावी, महिन्याचा पगार, वड्यातला बटाटा आणि त्याच्याभोवतीचा पाव, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पण वडापाव मराठी नाही, असं कँटीनमध्ये म्हणून दाखवा!)

शोनिबारेंनी हेच कापड आपलं मुख्य मटेरियल केलं. १९९४ च्या 'डबल डच' या कामात मोठा कॅनव्हास न घेता त्यांनी गुलाबी भिंतीवर ५० छोटे चौकोन लावले. त्यांवर कापड ताणलेलं आणि वर रंग. एका माणसाने भलंमोठं चित्र रंगवायचं, हा कलेतला जुना थाट त्यांच्या शरीराला झेपणारा नव्हता. म्हणून काम तुकड्यांत विभागलं. आपण ज्याला मॉड्युलर डिझाइन म्हणतो तेच हे, फक्त इथे ती गरजही आहे आणि थाटाची टिंगलही.

मला सर्वांत अंगावर येणारं काम वाटतं ते 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका' (२००३). १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपातल्या सत्तांची परिषद भरली आणि आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरले. शोनिबारेंनी एका लांब टेबलाभोवती १४ माणसाएवढे पुतळे बसवलेत आणि टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आहे. अंगावर व्हिक्टोरियन पद्धतीचे कोट, पण शिवलेले या कापडातून. आणि एकालाही डोकं नाही! हात मात्र जोरजोरात वाद घालतायत. डोकं नसल्यामुळे आपण चेहरा, वर्ण, देश काहीच वाचू शकत नाही. उरतात फक्त कपडे, आणि कपड्यांचाही भरवसा नाही.

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २०१० मध्ये त्यांनी प्रचंड बाटलीत नेल्सनचं 'व्हिक्टरी' जहाज ठेवलं. स्केल १:३०, आणि ३७ शिडं याच कापडाची. ज्या आरमाराच्या जोरावर साम्राज्य आणि व्यापार वाढला, त्याच्याच जहाजाला वसाहतीतल्या बाजाराचं कापड! २०१२ पासून ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. त्याआधी २००४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई हा किताब दिला होता. म्हणजे 'ब्रिटिश साम्राज्याचे सदस्य'. साम्राज्याची फिरकी घेणाऱ्या माणसाने तो नाकारला असेल असं वाटतं, पण त्यांनी तो घेतला आणि नावापुढे लावायलाही लागले. काहींना यात ढोंग दिसेल. मला त्यात त्या डोकं नसलेल्या पुतळ्यांचाच मिश्किलपणा दिसतो.

२०१४ च्या 'द ब्रिटिश लायब्ररी'मध्ये या कापडात बांधलेली ६,३२८ पुस्तकं आहेत. अनेकांच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत नावं आहेत. ती बाहेरून ब्रिटनमध्ये आलेल्यांची किंवा त्यांच्या मुलांची आहेत. काही नावं तर स्थलांतराला विरोध करणाऱ्यांचीही आहेत, आणि तीही त्याच शेल्फवर, त्याच कापडात. बऱ्याच पुस्तकांवर अजून काहीच छापलेलं नाही.

कॉम्प्युटर लॅबमध्ये वेळ मिळाला तर या कामांचे फोटो बघा. पुतळे, जहाज सगळं नंतर. आधी झूम करून कापडावरच्या त्या निळ्या रेघा शोधा.