डी. ओ. शिकणारी भाची सर्जन होईल का?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत डी. ओ.च्या, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणते, सर्जन होणार. आमच्या समजुतीप्रमाणे ऑस्टिओपॅथ म्हणजे मान कडकड मोडून देणारा हाडवैद्य. तो ऑपरेशन कसं करणार? पोरगी फसली तर नाही ना? — एक मामा, सांगली

उत्तर : मामा, फसली नाही. घोळ नावाचा आहे. युरोपात किंवा आपल्याकडे ऑस्टिओपॅथ म्हणवणारे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करतात. ऑपरेशन हे त्यांचं कामच नव्हे. अमेरिकेतली डी. ओ. ही पदवी मात्र कायद्याने एम. डी.च्या बरोबरीची आहे. चार वर्षं मेडिकल कॉलेज, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण, मग परवाना. औषधं आणि शस्त्रक्रिया दोन्ही करता येतात, तेही पन्नासही राज्यांत. माजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचे डॉक्टर केविन ओ'कॉनर डी. ओ.च होते.

ऑस्टिओपॅथीचा हा पंथ काढला अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने. १८६४ साली मेनिंजायटिसने त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरून त्याचा विश्वास उडाला. १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी त्याने पहिलं कॉलेज काढलं. त्याचा राग औषधांवर होता, शस्त्रक्रियेवर नव्हता. कॉलेजच्या सनदेत शस्त्रक्रिया सुधारण्याचा हेतू स्पष्ट लिहिला होता. हातांनी उपचार करण्याचा विषय अजूनही शिकवतात, पण बाकीच्या वैद्यकशास्त्राच्या जोडीला.

आता सर्जरीचं. पूर्वी डी. ओं.च्या रेसिडेन्सी वेगळ्या असत आणि तिथे एम. डी.ला प्रवेश नसे. २०१५ ते २०२० या काळात दोन्ही व्यवस्था एक झाल्या. त्यामुळे डी. ओं.च्या हक्काच्या जागा गेल्या, काही छोट्या हॉस्पिटलांतलं प्रशिक्षण बंदही पडलं; पण पुढचं प्रशिक्षण सगळ्यांना एकाच मोजपट्टीचं झालं. जनरल सर्जरीला पाच वर्षं लागतात.

जागा मिळते ती ‘मॅच’मधून. आपल्या नीट-पीजीसारखी एक रँक आणि मग काउन्सेलिंग, असं तिथे नाही. उमेदवार अर्ज करतात, मुलाखती देतात, मग उमेदवार आणि हॉस्पिटलं दोघंही आपापला पसंतीक्रम कळवतात आणि संगणक जोड्या लावतो. मार्चमधल्या एका सोमवारी कळतं, जागा मिळाली की नाही. कुठे मिळाली, ते त्याच आठवड्यात शुक्रवारी.

भाचीला जड जाईल ते इथे. डी. ओ. कॉलेजांपैकी बहुतेकांचं स्वतःचं मोठं विद्यापीठ हॉस्पिटल नसतं. विद्यार्थी गावोगावच्या हॉस्पिटलांत विखुरलेले, त्यामुळे नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली काम, संशोधन आणि त्याचं शिफारसपत्र, हे सगळं स्वतः खटपट करून मिळवावं लागतं. परीक्षेचंही तसंच. डी. ओं.ना कॉमलेक्स सक्तीची. पण सर्जरीच्या अनेक ठिकाणी एम. डीं.च्या यूएसएमएलईचे गुणही बघतात. २०२२ पासून दोन्हींच्या पहिल्या टप्प्याला फक्त पास-नापास असल्याने दुसऱ्या टप्प्याचे गुण जास्तच बोलतात. म्हणून पुष्कळ मुलं दोन्ही परीक्षा देतात.

आणि चौथ्या वर्षीचं ‘ऑडिशन रोटेशन’. जिथे जागा हवी त्या हॉस्पिटलात जाऊन साधारण चार आठवडे राबायचं. पहाटे अंधारात वॉर्डात हजर. रात्री कुणाला ताप चढला, ड्रेनमधून किती मिली आलं, कुणाला गॅस सरला, हे सगळं राऊंडच्या आधी तोंडपाठ. मग थिएटरात रिट्रॅक्टर धरून ताटकळायचं आणि शेवटी कातडीचे दोन टाके घालायची संधी मिळालीच, तर हात थरथरू द्यायचा नाही. बघणारे सगळं टिपत असतात. न कुरकुरता, वेळेवर, नीट काम करणारी मुलगी त्यांना आपल्याकडे पाच वर्षं हवी असते. तिच्या कॉलेजचं नाव तोवर मागे पडतं.

जनरल सर्जरीत आणि ऑर्थोपेडिक्समध्ये दरवर्षी डी. ओ. जातात. न्यूरोसर्जरी आणि प्लास्टिक सर्जरीत ते फार थोडे.

तेव्हा मामा, पुढच्या फोनला ‘हाडवैद्य’ म्हणून चिडवू नका. दोनच गोष्टी विचारा : यूएसएमएलईचा दुसरा टप्पा देणार आहेस ना? आणि ऑडिशनसाठी कुठल्या हॉस्पिटलांना अर्ज केलेस? या दोन्हींची तिच्याकडे तयार उत्तरं असली, तर काळजी तिच्यावर सोडा.