इंग्रजीचे सर आणि ‘अस्मिता’



बदनापूरच्या रेल्वे स्थानकावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की सुमारे चाळीस किलोमीटरवर औरंगाबाद येते. २०२३ पासून त्या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या पाठातील बहुतेक घटना जुन्या काळातल्या असल्यामुळे येथे त्या काळचेच नाव ठेवले आहे. आपला जालना जिल्हाही तेव्हा वेगळा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी आपण सारे औरंगाबाद जिल्ह्याचेच रहिवासी होतो. त्यामुळे ही गोष्ट काही परक्या गावची नाही.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठ उच्च शिक्षण उर्दूतून देत असे, ही गोष्ट तुम्हांला अभिमानाची वाटेल. पण ते विद्यापीठ हैदराबादला होते. खेड्यातल्या गरीब मुलाने तेथपर्यंत जायचे कसे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. या संस्थेने १९५० च्या जून महिन्यात औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुले आली आणि वसतिगृहात राहू लागली. त्यांतील कित्येकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. पुढे या महाविद्यालयाला मिलिंद आणि त्याच्या परिसराला नागसेनवन असे नाव मिळाले.

हा मिलिंद कोण? तो मिनँडर नावाचा ग्रीक राजा होता आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्याची राजधानी सागल म्हणजे आजचे सियालकोट, असे मानले जाते. तेच सियालकोट, जेथे पुढे अल्लामा इक्बाल जन्मले. राजाला प्रश्न विचारण्याची भारी हौस होती. नागसेन नावाच्या बौद्ध भिक्षूशी झालेली त्याची प्रश्नोत्तरे पाली भाषेतील एका ग्रंथात आहेत. त्यांतला एक प्रसंग मला फार आवडतो. राजा म्हणतो, मला तुमच्याशी चर्चा करायची आहे. नागसेन विचारतात, चर्चा पंडितांसारखी करणार, की राजासारखी? राजा फरक विचारतो. तेव्हा भिक्षू सांगतात, की पंडितांच्या चर्चेत एकाची चूक दुसरा दाखवतो, दुसऱ्याची पहिला दाखवतो, कधी हार मान्य करावी लागते, पण कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र राजा एक मत मांडतो आणि जो ते मानणार नाही त्याला शिक्षा होते. मिलिंद राजा म्हणतो, मग आपण पंडितांसारखीच चर्चा करू.

आपल्या वर्गात चर्चा कोणत्या प्रकारची होते, हे तुम्हीच पाहा. शिक्षक उत्तर सांगतात, मुले ते उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे परत करतात. ही राजाची चर्चा झाली. तिच्यात गुण मिळतात, नाही असे नाही.

मिलिंद महाविद्यालयात सुरुवातीच्या काळात प्राचार्य होते म. भि. चिटणीस. मुलांनी केवळ पुस्तके वाचू नयेत, उभे राहून चार लोकांपुढे बोलावे, असे त्यांना वाटे. त्यांनी ‘युगयात्रा’ नावाचे नाटक लिहिले. प्राचीन काळापासून दलितांवर झालेल्या अन्यायाची कथा त्यात होती. १९५५ मध्ये महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी खुद्द बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग केला. गावात ज्यांना चावडीजवळ मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती, अशा घरांतली मुले रंगमंचावर स्पष्ट आवाजात संवाद म्हणत होती.

आता आपण ज्यांच्यासाठी हा पाठ आहे त्या इंग्रजीच्या सरांकडे वळू. डॉ. म. ना. वानखेडे हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातून त्यांनी १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन. हा व्हिटमनही मजेदार माणूस. तरुणपणी तो खेड्यातल्या शाळांत मास्तर होता, छापखान्यात खिळे जुळवत असे, आणि १८५५ मध्ये त्याने आपला पहिला कवितासंग्रह स्वतःच छापून घेतला. गाडीवान, सुतार, नावाडी यांच्याबद्दल त्याने कविता लिहिल्या. वानखेडे सर परत आले, मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि अमेरिकेतून येताना त्यांनी व्हिटमनबरोबर आणखी काही आणले. ते म्हणजे तेथील काळ्या लोकांच्या साहित्याची ओळख.

या साहित्यातली एक गोष्ट तुम्हांला सांगितलीच पाहिजे. फ्रेडरिक डग्लस हा जन्माने गुलाम होता. बाल्टिमोर शहरात मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. मालकाने तिला थांबवले. गुलाम वाचायला शिकला तर तो गुलाम राहणार नाही, असे त्याचे म्हणणे. मुलाने ते ऐकले आणि वाचन किती मोलाची गोष्ट आहे हे त्याला मालकाकडूनच कळले! मग तो घरातून पाव घेऊन निघे आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिके. बारा-तेरा वर्षांचा असताना पन्नास सेंट देऊन त्याने एक पुस्तक विकत घेतले. ते होते शाळेतले वाचनाचे पुस्तक, तुमच्या हातात आहे तसलेच. त्यात भाषणे होती, संवाद होते, आणि एक संवाद होता मालक आणि गुलाम यांच्यातला. त्या संवादात गुलाम युक्तिवाद करून आपले स्वातंत्र्य मिळवतो. डग्लसने तो धडा पुन्हा पुन्हा वाचला. १८३८ मध्ये तो गुलामीतून पळाला, १८४५ मध्ये त्याने आपली जीवनकथा छापली, पुढे स्वतःचे वर्तमानपत्र काढले आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा मोठा नेता झाला. पाठ्यपुस्तकातला एक धडा माणसाला कोठे नेऊ शकतो, ते पाहा.

वानखेडे सरांचे म्हणणे साधे होते. काळ्या लोकांनी आपल्या जगण्यातून साहित्य निर्माण केले, तर येथल्या दलितांनी का करू नये? त्या काळच्या मराठी कथा-कादंबऱ्यांत बहुतेक वेळा शहरातल्या सुशिक्षित घरांचे चित्र असे. वसतिगृहातल्या मुलांना त्यात आपले घर सापडत नसे. ते सापडत नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा आपणच लिहावे, हा त्या विचाराचा गाभा.

पण लिहिणे सोपे होते का? मुळीच नाही. अडचण भाषेची होती. आपण घरी बोलतो ती बोली अशुद्ध, पुस्तकात असते ती शुद्ध, असे मुलांच्या मनावर बिंबलेले असते. तुमची आणि त्यांची अडचण येथे एकच आहे. तुम्ही घरी दखनी उर्दू बोलता, बाजारात मराठी बोलता, आणि वर्गात मराठी बोलायची वेळ आली की मान खाली घालता. आपले उच्चार ऐकून कोणी हसेल ही भीती असते. मला विचाराल तर ही भीती व्याकरणाच्या चुकांपेक्षा जास्त नुकसान करते, कारण चूक दाखवता येते, पण न बोललेले वाक्य कोण सुधारणार?

१९६७ च्या सुमारास मिलिंद साहित्य परिषदेतर्फे ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. नियतकालिक म्हणजे उर्दूत आपण ज्याला रिसाला म्हणतो ते. अस्मिता म्हणजे आपण कोण आहोत याची जाणीव. उर्दूत ‘खुदी’ हा शब्द तिच्या जवळचा आहे. चिटणीस सर, वानखेडे सर आणि इतर प्राध्यापकांनी साहित्याच्या प्रश्नांवर केलेली चर्चा त्यात आली. पुढे त्याचेच ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक झाले. त्याचे संपादक होते मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे. २०१८ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, त्यांनी हे काम चालवले. नवशिक्या मुलांचे लेखन ते वाचत, सुधारून घेत, छापत. निरनिराळ्या गावी ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे भरत. आज मागच्या रांगेत बसून ऐकणारा पुढच्या मेळाव्यात कविता वाचायला उभा राहू शके. वानखेडे सरांचे लेख त्यांच्या निधनानंतर १९८१ मध्ये ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ या नावाने पुस्तकरूपाने आले.

शिक्षकाने रिसाला काढावा, ही रीत औरंगाबादला नवी नव्हती. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी १९२१ मध्ये याच शहरातून ‘उर्दू’ नावाचे त्रैमासिक सुरू केले होते. तेही शिक्षण खात्यातले आणि महाविद्यालयातलेच. एकाने उर्दूसाठी केले, दुसऱ्यांनी दलितांच्या मराठीसाठी केले. दोन्ही कामे एकाच गावात झाली, हे मात्र आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते.

लातूरचे जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. अमेरिकेतील काळ्या लोकांचे साहित्य आणि संस्कृती यांवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये झाले तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि नंतर राज्यसभेचे सदस्यही झाले.

तुम्ही म्हणाल, ही सारी महाविद्यालयातली मोठी माणसे. आमच्या आठवी-नववीच्या वर्गाचे काय? तर ऐका. जेम्स बाल्डविन हा मोठा अमेरिकन लेखक. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शाळेत तो तुमच्याएवढा असताना शाळेच्या मासिकाचे संपादन करीत असे. त्या शाळेत काउंटी कलन नावाचे प्रसिद्ध कवी शिक्षक होते आणि त्यांनी या मुलाला प्रोत्साहन दिले. शाळेला नाव होते त्याच फ्रेडरिक डग्लसचे.

नेता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हार, माइक आणि घोषणा येतात. शाळेतही जो उंच, ज्याचा आवाज मोठा, किंवा ज्याचा नंबर पहिला, तो वर्गप्रतिनिधी. पण भित्तिपत्रकाच्या संपादकाचे काम पाहा. जिवलग मित्राची कविता कच्ची असेल तर ती परत करायची. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याचा लेख चांगला असेल तर वर लावायचा. जी मुलगी कधी बोलत नाही तिच्याकडून चार ओळी मिळवायच्या, आणि त्या दुरुस्त करताना तिचे म्हणणे पुसून टाकायचे नाही. शिवाय शुक्रवारपर्यंत कागद भिंतीवर लागला पाहिजे! हे ज्याला जमले त्याला पुढे ग्रामपंचायतही जमेल, असे माझे मत आहे.

इंग्रजीच्या पेपरात ‘माझे गाव’ हा निबंध येतो. दरवर्षी वह्या तपासताना मी एकच गाव वाचतो. त्यात झुळझुळ वाहणारी नदी असते, काठावर मंदिर असते, हिरवी शेते असतात आणि प्रेमळ गावकरी असतात. ते गाव गाईडमधले आहे. बदनापूर त्यात नाही. आपल्या गावी कृषी संशोधन केंद्र आहे. तेथे तयार झालेल्या तुरीच्या वाणांना ‘बीडीएन’ असे नाव देतात. त्यातली तीन अक्षरे बदनापूरचीच. बीडीएन ७११ ही तूर कित्येक शेतकरी पेरतात. आपल्या गावाची अक्षरे बियाण्याच्या पिशवीवर बसून दूरच्या शेतांत गेली, आणि आपल्या वहीत मात्र ती उतरत नाहीत. तुमच्यापैकी कोणाचे वडील मोसंबीच्या बागेत राबतात, कोणाचे मामा जालन्याच्या पोलाद कारखान्यात पाळीवर जातात, कोणाची अम्मी रात्री शिलाई मशीन चालवते. त्या मशीनचा आवाज इंग्रजीत कसा लिहाल? शब्द सापडणार नाही, मग शब्दकोश उघडाल. इंग्रजी भाषा अशी शिकली जाते.

मराठीचेही तसेच. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठवाड्यातले कवी फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते आणि तेही पेशाने शिक्षक होते. मुसलमान घरांतले जगणे मराठीत लिहिणारी माणसे तेथे एकत्र आली. त्यांच्या ईदचा, मोहल्ल्याचा, आजीच्या दखनी बोलीचा मराठीत प्रवेश झाला. मराठीत नवे शब्द आले आणि तिचे काही बिघडले नाही.

आमच्या वर्गात आम्ही एक रीत पाळतो. कविता शिकवून झाली की तिचा अर्थ मी लगेच सांगत नाही. प्रत्येक बाकाने एक प्रश्न काढायचा. उत्तर नव्हे, प्रश्न. चर्चेचा प्रमुख दर आठवड्याला बदलतो आणि हजेरीपटावरच्या क्रमाने प्रत्येकाची पाळी येते. प्रमुखाने स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगायचे. पहिले काही आठवडे गोंगाट होतो, वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडेल की काय अशी धास्ती वाटते. मग एखाद्या दिवशी कोणी शांतपणे उठून म्हणतो, ‘सर, तुम्ही मघाशी सांगितलेला अर्थ मला पटत नाही.’ वर्ग एकदम गप्प होतो. सगळे माझ्याकडे पाहतात. अशा वेळी मी मिलिंद राजाची आठवण ठेवतो आणि त्याला म्हणतो, ‘का पटत नाही, ते सांग.’

स्वाध्याय

१. पंडितांची चर्चा आणि राजाची चर्चा यांतील फरक तुमच्या वर्गातील एक उदाहरण देऊन लिहा.

२. मालकाने शिकवणे बंद केल्यावर डग्लसची वाचनाची ओढ वाढली. असे का झाले असेल? दोन-तीन वाक्यांत सांगा.

३. घरातील एका वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या कामाविषयी पाच प्रश्न विचारा. उत्तरे प्रथम घरच्या बोलीत लिहून घ्या. मग ती मराठीत लिहा. कोणता शब्द मराठीत आणता आला नाही, तो तसाच ठेवून त्याखाली रेघ ओढा.

४. हा पाठ वाचून लेखकाला न पटलेली एक गोष्ट कळवायची आहे असे समजून शिक्षकांना पत्र लिहा.