वॅट नको, हवा किती ते सांगा

हौशी सीएनसी राउटरसाठी धूळ ओढणारं यंत्र घ्यायला गेलं की दुकानात तीन आकडे ऐकवले जातात. वॅट किती, टाकी किती लिटरची आणि सक्शन किती किलोपास्कल. तिन्ही आकडे खरे असतात आणि निवड करायला तिन्ही कुचकामी असतात. माझा राग यंत्रांवर नाही, हे आकडे तोंडावर फेकून विषय संपवणाऱ्यांवर आहे. ‘सोळाशे वॅट आहे साहेब, दगडसुद्धा ओढेल!’ दगड कुणाला ओढायचेत? प्रश्न एमडीएफच्या पुडीचा असतो. ‘फिल्टर आणि नळी लावल्यावर टोकाला तासाला किती हवा मिळेल?’ असं विचारून बघा. खोकं उलटसुलट केलं जातं, वॉरंटी कार्ड पुढे सरकवलं जातं आणि शेवटी ‘एवढं कुणी विचारत नाही’ असं म्हणून आपल्यालाच वेड्यात काढलं जातं. कुणी विचारत नाही म्हणूनच तर भलतं यंत्र गळ्यात मारता येतं. परत करायला गेलात तर ‘खोकं उघडलंय’ हे उत्तर तयार असतंच.

खोक्यावरच्या आकड्यांची गंमत अशी, की किलोपास्कल मोजतात ते यंत्राचं तोंड पूर्ण बंद करून. तेव्हा हवा शून्य असते. हवेचा आकडा दिला असलाच, तर तो बहुधा तोंड मोकळं ठेवून मोजलेला असतो. तेव्हा ओढ जवळपास शून्य असते. या दोन्ही अवस्थांत यंत्र धूळ ओढतच नसतं. प्रत्यक्ष काम कुठेतरी मधे चालतं आणि तो मधला आकडा कुणी छापत नाही. शिवाय यंत्रं दोन जातींची. वेट-ड्राय व्हॅक्यूमला छोटी, ब्रशवाली, किंचाळणारी मोटर असते. १७ ते २१ किलोपास्कल ओढ, पण हवा थोडी. डस्ट कलेक्टरला इंडक्शन मोटर आणि मोठा पंखा; ओढ जेमतेम दोन-अडीच किलोपास्कल, पण हवा भरपूर. लाकडाचा भुसा मधेच न बसता वाहून जायचा तर पाइपात हवेला सेकंदाला साधारण २० मीटर वेग लागतो. १०० मिलिमीटर पाइपात तेवढा वेग राखायला तासाला सुमारे ५६५ घनमीटर हवा हवी. छोटा व्हॅक्यूम तोंड मोकळं असतानाही दोनशेच्या आसपासच देतो, त्यामुळे त्याला जाड पाइप जोडला की भुसा पहिल्याच वळणावर मुक्काम करतो. उलट कलेक्टरला ३५ मिलिमीटरची नळी जोडली की तोंड आठपटीने लहान होतं आणि त्याची ओढ त्या अरुंद नळीपुढे हात टेकते. नेमका हाच अडॅप्टर ‘काही फरक पडत नाही’ या आश्वासनासकट हमखास विकला जातो.

आता पुडीचा हिशेब. ३० सेंटिमीटर लांब-रुंद एमडीएफमध्ये ६ मिलिमीटर खोल पॉकेट मारलं तर साधारण ४०० ग्रॅम माल पूड होऊन बाहेर येतो. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची कामगारांसाठीची मर्यादा २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे, आठ तासांची सरासरी धरून. एमडीएफच्या पुडीत तर युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंकही असतो, तेव्हा तिला सवलत द्यायचं कारण नाही. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे मर्यादा गाठायला हवेत ५६ मिलिग्रॅम पूड पुरते, चिमूटभर मिठाहूनही कमी. ‘९९ टक्के धूळ पकडतो’ ही जाहिरात या हिशेबात बसवून पाहा. सुटलेला एक टक्का म्हणजे ४ ग्रॅम. त्यातली बरीचशी जाड असते आणि लगेच खाली बसते हे मान्य. पण तिचा सत्तरावा भाग तरंगत राहिला तरी मर्यादा गाठली गेली. अडीच मायक्रॉनचा कण अगदी स्थिर हवेतही दीड मीटर खाली यायला दोन तास घेतो आणि पंखा चालू असेल तर तो उतरायचं नावच घेत नाही. टाकीत दिसणारा भुशाचा ढीग पाहून खूश होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. टाकीत पडतो तो निरुपद्रवी माल, छातीत जातो तो डोळ्याला दिसत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: सुतार जन्मभर हेच करतात, त्यांना काय झालं? झालं ना. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावी नाक-कान-घशाच्या शल्यविशारद एस्मे हॅडफिल्ड यांना नाकाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांत पुन्हा पुन्हा दिसू लागले. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात सिद्ध झालेल्या कर्ककारकांत, घातली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ते दिवसभर धुळीत असत, आपण रविवारी दोन तास. हे खरं आहे, आणि कर्करोगाची भीती घालून तिप्पट किमतीचं यंत्र गळ्यात मारणाऱ्यांनाही मी चांगलं म्हणणार नाही. पण फ्लॅटमधली खोली कारखान्याच्या शेडहून फार लहान असते, हवा तिथेच फिरते आणि मशीन बंद झाल्यावर त्याच हवेत घरातली बाकीची माणसं वावरतात. सागवान आणि शिसवीच्या पुडीने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, त्यासाठी वर्षं जावी लागत नाहीत. ‘मशीनला पेटी केली की झालं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं, की पेटी धूळ नष्ट करत नाही, दार उघडेपर्यंत सांभाळून ठेवते. आवाजासाठी पेटी जरूर करा, पण ओढ आतही लागतेच.

म्हणून पैसे घालण्याचा क्रम दुकान सांगतं त्याच्या उलटा ठेवावा. आधी डस्ट शू. बिटभोवतीच्या ब्रशचे केस जॉबच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकायला हवेत. स्पिंडलबरोबर खालीवर होणारा शू खोल कापताना केस दुमडतो आणि उथळ कापताना वर लटकतो. शक्य असेल तर त्याची उंची वेगळी धरता येईल असाच घ्या. हातराउटर किंवा हवेने गार होणारा स्पिंडल असेल तर त्याचा स्वतःचा पंखा हवा खाली फेकतो आणि ओढ कितीही असो, पूड शूच्या बाहेर उधळतो. त्या हवेची वाट आधी वळवली पाहिजे. मग नळी: आखूड, आतून गुळगुळीत, कमीत कमी वळणांची. मग भुसा फिल्टरआधीच खाली पाडणारा सायक्लोन, कारण तो नसला की फिल्टर लवकर चोंदतो आणि त्याबरोबर हवा घटते. सायक्लोनखालचं पिंप हवाबंद आणि कडक हवं. रंगाची रिकामी बादली नळी तुंबली की आत दबते, आणि झाकणातून थोडी जरी हवा शिरली तरी सायक्लोन जमवलेला भुसा परत वर उचलतो. सर्वांत शेवटी यंत्र, आणि तेही फिल्टर पाहून. युरोपीय वर्गवारीतला एम वर्ग लाकडाच्या धुळीला योग्य. कापडी पिशवीचा कलेक्टर जाड भुसा ठेवून घेतो आणि बारीक पूड खोलीत परत फवारतो. परदेशी सल्ल्यांत हवा गाळून खोलीतच सोडायला सांगतात, कारण तिकडे थंडीत तापवलेली हवा बाहेर घालवणं महाग पडतं. आपल्याला ती अडचण नाही. बंगला किंवा शेड असेल तर खुशाल बाहेर सोडा. फ्लॅटमध्ये मात्र खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार करावा लागतो, त्यामुळे तिथे हेपा फिल्टरला पर्याय नाही.

छोट्या टेबलावरच्या मशीनला, तासाभराच्या आतल्या कामांना, चांगल्या फिल्टरचा वेट-ड्राय व्हॅक्यूम, सायक्लोन आणि ३५ मिलिमीटरची आखूड नळी पुरते. चार फुटी मशीनवर तीन-चार तासांचे जॉब लावणार असाल तर ब्रशवाल्या मोटरच्या नादी लागू नका. तिचे कार्बन झिजतात आणि ती इतका वेळ सलग चालायला बनवलेलीच नसते. तिथे इंडक्शन मोटरचा कलेक्टर, कार्ट्रिज फिल्टर आणि मशीनपर्यंत १०० मिलिमीटरचाच पाइप. प्लास्टिकच्या नळीत साचणारी स्थिर वीज कंट्रोलरचा यूएसबी संपर्क तोडते आणि जॉब मधेच वाया जातो. त्यासाठी नळीतून उघडी तांब्याची तार ओढून अर्थिंगला जोडा, पण त्याआधी घरातल्या तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बोथट बिट एका जागी घासत राहिलं की निखारा तयार होतो आणि यंत्र तो ओढून भुशाच्या पिंपात नेऊन टाकतं, वर हवाही पुरवतं. चालू मशीन सोडून जेवायला जाऊ नका, भरलेलं पिंप रात्रभर घरात ठेवू नका. रिकामं करताना एन-९५ मास्क घाला आणि जॉब संपल्यावर दोन तास तरी तो त्या खोलीत उतरवू नका.