हुंडी आणि कार्ड

गेल्या आषाढातील गोष्ट. शाळा सुटण्याच्या सुमारास मुखेड तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा आमच्या वसतिगृहात राहून दहावीचा अभ्यास करीत होता. गृहस्थांनी पिशवीतून बँकेचे पासबुक काढले, आमच्यापुढे उघडून ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “सर, पोरगं खोटं बोलायलंय का बँक, तेवढं सांगा.”

त्या पानावर एकाच तारखेस १,८४० रुपयांच्या दोन रकमा खर्ची पडल्या होत्या. मुलाचे म्हणणे असे की, लातूरच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून त्याने इंटरनेटद्वारे पुस्तकांचा एकच संच मागविला. वडिलांच्या कार्डाचा क्रमांक घातला, वडिलांच्या फोनवर आलेला ओ.टी.पी. त्यांना विचारून घेतला. परंतु पडदा मध्येच थिजला आणि पावती काही आली नाही. म्हणून त्याने सर्व क्रिया पुन्हा पहिल्यापासून केली. दुसऱ्या खेपेस पावती आली. विक्रेत्याची वही पाहावी, तर तीत एकच रक्कम जमा! मग उरलेले १,८४० रुपये गेले कोठे? बापाला वाटले, पोराने दुसऱ्या वेळी ओ.टी.पी. विचारला तो दुसऱ्याच कशाकरिता तरी. मुलगा कोपऱ्यात उभा राहून डोळे पुशीत होता. आम्हांस मात्र पुस्तकविक्रेत्याचाच संशय आला आणि फोनवरून आम्ही त्यास दोन शब्द अधिक बोललो, ह्याची आता लाज वाटते. कारण मुलगा, बँक व विक्रेता ह्या तिघांपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते.

हे कसे, ते समजण्यास कार्डाने दिलेला पैसा कोणत्या वाटेने जातो हे पाहिले पाहिजे. ती वाट नवी वाटते, परंतु तिच्या खुणा आपल्या पणजोबांच्या ओळखीच्या होत्या. म्हणून प्रथम हुंडीकडे वळू.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट लातुरापर्यंत येऊन पोहोचली आणि येथील मालास मुंबईची पेठ जवळ आली. समजा, लातूरच्या एका व्यापाऱ्याने मुंबईच्या आडत्याकडे कापूस पाठविला. त्याचे पैसे जमा झाले मुंबईस. त्यास ते हवेत लातुरास. त्याच वेळी लातुरातील दुसऱ्या एका दुकानदारास मुंबईहून कापड आणावयाचे आहे; त्यास पैसे हवेत ते मुंबईस. पहिला व्यापारी दुसऱ्यास आपल्या आडत्यावर हुंडी लिहून देई व येथल्या येथे रोख रक्कम घेई. दुसरा ती हुंडी टपालाने मुंबईच्या कापडवाल्याकडे पाठवी. कापडवाला ती आडत्यापुढे ठेवी. आडत्या ती ‘सकारी’, म्हणजे मान्य करी, आणि पैसे मोजून देई. रुपयांची थैली लातुराहून गेली नाही की मुंबईहून आली नाही. वाटेत फिरला तो एक कागद, आणि त्या कागदामागे एका माणसाचा शब्द.

त्यातही नाण्याचा घोळ होताच. लातूर व नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने येथे निजामाचा हाली सिक्का चाले, तर बार्शी, सोलापूर व मुंबई येथे इंग्रजी कलदार. साधारणपणे ७ हाली म्हणजे ६ कलदार असा हिशेब असे. हुंडी वटविण्याबद्दल जी हुंडणावळ द्यावी लागे, तीत ह्या अदलाबदलीचाही भाग येई. (येरुशलेमच्या मंदिरात सराफ चौरंग मांडून का बसत, असे शास्त्राच्या तासाला मुले विचारतात. मंदिराची पट्टी ठराविक नाण्यातच भरावी लागे, हेच त्याचे कारण. हाली आणि कलदार दोन्ही हाताळलेल्या आमच्या आजोबांना ते समजावून सांगावे लागले नसते.) १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५९ साली हाली सिक्क्याचे चलन अगदीच बंद पडले.

कागदावर एवढा भार टाकावयाचा, तर तो जपावाही लागे. हुंडीत रक्कम लिहीत, आणि तिच्यापुढे त्या रकमेचे निम्मे किती व त्याची दुप्पट किती, हेही लिहीत. कोणी एका आकड्यात खाडाखोड केली, तर दुसरा आकडा लगेच साक्ष देई. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर तिची नक्कल देत. तिचे नाव पेठ. तीही हरवली, तर परपेठ. मात्र ह्यांपैकी एकीचेच पैसे मिळत. पैसे चुकते झालेल्या हुंडीस खोका म्हणत, आणि खोका पुन्हा वटत नसे. काही हुंड्या नामजोग असत. त्यांचे पैसे नाव लिहिलेल्या इसमासच मिळत, इतरांच्या हाती ती निव्वळ रद्दी.

आता कार्ड हाती घ्या. आपण विक्रेत्याच्या पानावर कार्डाचा क्रमांक लिहितो, तो विक्रेत्याच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे जातो. तिच्याकडून विक्रेत्याच्या बँकेकडे. तेथून ज्या जाळ्याचे ते कार्ड असेल, त्या व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे ह्यांच्याकडे. (रुपे हे आपल्या देशातील जाळे; नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ते २०१२ साली सुरू केले.) ते जाळे कार्ड देणाऱ्या बँकेस, म्हणजे आपल्या उदाहरणात मुखेडच्या गृहस्थांच्या बँकेस, विचारते: ह्या गिऱ्हाइकाचे १,८४० रुपये देता काय? बँक खाते पाहते, होकार किंवा नकार देते, आणि ते उत्तर त्याच पायऱ्या उलट उतरत विक्रेत्याकडे येते. हे सारे काही क्षणांत घडते.

प्रश्न निघण्यापूर्वीच एक लहानशी तपासणी होते, ती गणिताच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावी. कार्डावरील शेवटचा अंक हा आधीच्या सर्व अंकांचा साक्षीदार असतो. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून ह्यांनी १९५४ साली ह्या युक्तीच्या पेटंटासाठी अर्ज केला, ते त्यांना १९६० साली मिळाले. समजा, क्रमांक २५०७१९८६ आहे. (खऱ्या कार्डावर बहुधा सोळा अंक असतात, फळ्यावर आठ पुरेत.) उजवीकडून सुरुवात करून एक सोडून एक अंक दुप्पट करा: ८ चे १६, १ चे २, ० चे ०, २ चे ४. दुप्पट दोन अंकी आली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्या, म्हणजे १६ चे ७. आता सर्व मिळवा: ६ + ७ + ९ + २ + ७ + ० + ५ + ४ = ४०. बेरजेस १० ने निःशेष भाग गेला, म्हणून क्रमांक ग्राह्य. ९ च्या जागी चुकून ४ लिहिला तर बेरीज ३५ होते. ७१ चे १७ झाले तर ३७. दोन्ही चुका जागच्या जागी सापडतात. शेजारचे अंक उलटे पडण्याची मात्र एक चूक ह्या चाळणीतून निसटते: ०९ च्या जागी ९० लिहिले, तर बेरीज तीच राहते. का, ते पाटीवर ताडून पाहा. हुंडीतील निम्म्याचे लेखन आणि हा शेवटचा अंक ही एकाच जातीची युक्ती होय. ती लिहिण्यातील चूक पकडते, चोर पकडत नाही. कारण हा हिशेब चोरासही येतो.

चोराकरिता दुसरा अडसर आहे. दुकानात समोरासमोर कार्ड दिले, तर निदान कार्ड तरी हाती असते. इंटरनेटवर नुसते आकडे. ते कोणीही पाठ करील. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांत कार्डावर न छापलेली आणखी एक खूण विचारणे बंधनकारक केले. पुष्कळ ठिकाणी ती खूण म्हणजे फोनवर येणारा ओ.टी.पी. तो सांगणे म्हणजे हुंडी सकारणे होय. आडत्याने ‘सकारली’ म्हटल्यावर पैसे देणे त्याच्यावर बांधील झाले. तसेच येथेही समजावे. त्या गृहस्थांनी मुलास दोनदा ओ.टी.पी. सांगितला, म्हणजे दोन हुंड्या सकारल्या.

मग पहिल्या हुंडीचे झाले काय? प्रश्न सुखरूप गेला, बँकेने होकार दिला, खात्यातून रक्कम वळती झाली. पण परतीच्या वाटेवर उत्तर हरवले. विक्रेत्यापर्यंत होकार पोहोचलाच नाही. त्याच्या वहीत ती मागणी ‘अपूर्ण’ राहिली. मुलाने थांबून तीच मागणी शोधली असती, तर बरे झाले असते. नीट बांधलेल्या यंत्रणेत प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक असतो. त्याच क्रमांकाने पुन्हा विचारणा आली, तर यंत्र तिला पहिलीचीच पेठ समजते व दुसऱ्यांदा पैसे घेत नाही. परंतु मुलगा मागे जाऊन नवी मागणी करून बसला. ती पेठ नव्हे. ती नवी हुंडी झाली.

येथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. होकार आला म्हणजे विक्रेत्यास पैसे आले, असे नव्हे. दिवसभराचे देणेघेणे बँका एकमेकींत वळते करून घेतात आणि उरेल ती बाकीच इकडून तिकडे जाते. त्यानंतर मध्यस्थ संस्था विक्रेत्याचा हिशेब करते. तोवर ते पैसे तिला आपल्या धंद्यात वापरता येत नाहीत; रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते बँकेतील वेगळ्या राखीव खात्यात ठेवावे लागतात. ह्या सावकाश चालणाऱ्या हिशेबातच हरवलेली उत्तरे सापडतात. एका बाजूस खर्ची आहे आणि दुसऱ्या बाजूस जमा नाही, असे दिसले की रक्कम मूळ खात्यात परत जाते. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ह्यास मुदत घालून दिली: इंटरनेटवरील कार्डव्यवहारात खात्यातून पैसे गेले आणि विक्रेत्यास होकार पोहोचला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत झाली पाहिजे, पुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई, आणि तीही गिऱ्हाइकाने न मागता.

गृहस्थ पासबुक घेऊन आले तो तिसरा दिवस होता. आम्ही वरील सर्व त्यांना ह्याच क्रमाने सांगितले. त्यांनी मान हलविली, पण पटल्याचे दिसले नाही. चौथ्या दिवशी रक्कम परत जमा झाली. तसा निरोप त्यांनी मुलाच्या फोनवर न देता आमच्या फोनवर दिला, आणि मुलास बोलावून द्या म्हणाले. काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही. पुस्तकविक्रेत्याची आम्ही क्षमा मागितली. त्याने ती केली आणि लागलीच पुढील वर्षाच्या पुस्तकांची यादी मागितली. व्यापारी तो व्यापारीच!

त्याच संभाषणात आम्ही त्यास विचारले की, ह्या सर्वांत तुमचे काय जाते? तो म्हणाला, “हुंडणावळ.” अर्थात त्याने शब्द इंग्रजी वापरला. २०१८ च्या आरंभापासून डेबिट कार्डासाठी बँकेने विक्रेत्याकडून घ्यावयाच्या आकारास मर्यादा घालण्यात आली: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या विक्रेत्याकडून शेकडा ४० पैशांहून अधिक नाही. म्हणजे आपल्या १,८४० रुपयांवर फार तर ७ रुपये ३६ पैसे. २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर हा आकार मुळीच लावीत नाहीत. मध्यस्थ संस्थेचे शुल्क वेगळे, आणि क्रेडिट कार्डावरील आकार अधिक असतो. लहान दुकानदार “रोखीने द्या” म्हणून का विनवितो, हे ह्यावरून समजावे.

मुलाने आणखी एक शंका काढली, ती चांगली होती. वडिलांच्या कार्डाचा क्रमांक आता त्या दुकानाच्या संगणकात राहिला असेल, तो कोणी पळविला तर? १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यास खरा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. गिऱ्हाइकाने संमती दिल्यास त्याच्याजवळ एक बदली क्रमांक राहतो, आणि तो त्या एका दुकानापुरताच चालतो. कोणी तो चोरून दुसरीकडे नेला, तर उपयोग शून्य. आम्ही मुलास म्हटले, ही नामजोग हुंडी समज.

सर्वांत अधिक धोका आहे तो ह्या यंत्रांत नव्हे, तर फोनवरील गोड आवाजात. “बँकेतून बोलतो, आपले पैसे परत करावयाचे आहेत, आलेला अंक सांगा,” असे म्हणून पुष्कळांस नागविण्यात आले आहे. परत मिळणाऱ्या पैशांकरिता ओ.टी.पी. कधीच लागत नाही. आपल्याला येणे असलेली हुंडी आपण कशाला सकारावी? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ठरवून दिले की, बँकेचा किंवा गिऱ्हाइकाचा दोष नसता तिऱ्हाइताने पैसे काढले आणि गिऱ्हाइकाने सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत बँकेस कळविले, तर गिऱ्हाइकावर काही बोजा नाही. परंतु ओ.टी.पी. त्यानेच सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. असे काही घडल्यास बँकेस आणि १९३० ह्या सरकारी क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे. लाजेने एक रात्रही दवडू नये.

मुखेडच्या गृहस्थांना हुंडीचा दाखला फारच आवडला असावा. आता मुलाने ओ.टी.पी. मागितला की, पुस्तक कोणते, लेखक कोण, किंमत किती आणि मागणीचा क्रमांक काय, हे सर्व विचारल्यावाचून ते अंक सांगत नाहीत. तोवर अंकाची मुदत सरून जाते व त्यास पुन्हा आरंभ करावा लागतो. मुलाने ह्याची आमच्याकडे तक्रार केली आहे. ह्या तक्रारीत आम्ही वडिलांच्या बाजूचे आहोत.