दत्तक घेण्याआधी कायदा समजून घेऊ



“तुमच्या वसतिगृहातील एखादे मूल आम्हांला दत्तक मिळेल का?” असे मंडळीतील निपुत्रिक जोडपी प्रेमाने विचारतात. त्यांचा हेतू चांगला असतो; तरी उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते.

वसतिगृहातील आदिवासी मूल बहुधा अनाथ नसते. आईबाप वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात आणि शाळा बुडू नये म्हणून मुलाला मागे ठेवतात. गरिबीमुळे त्यांचा मुलावरचा हक्क संपत नाही. स्टँप पेपरवर त्यांचा अंगठा घेतला, तरी ते दत्तक ठरत नाही.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा संस्थांतील मूल ‘दत्तक मुक्त’ जाहीर करण्याचा अधिकार फक्त बाल कल्याण समितीला आहे. मुख्य नियम असे:

१. टाकून दिलेले मूल सापडल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे न्यावे, किंवा १०९८ वर कळवावे. परस्पर घरी ठेवू नये.

२. आईवडिलांचा शोध घेऊन समिती निर्णय देते. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिने व त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिने अशी मुदत आहे.

३. आईवडिलांनी स्वतः समितीपुढे मूल सोपवले, तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.

४. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करावी. समाजसेवक घरी येऊन अहवाल तयार करतात. नोंदणीच्या क्रमाने मूल सुचवले जाते. सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात.

५. मुलासाठी पैसे देणाऱ्यास व घेणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

१९५६ चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती कुटुंबांना लागू नाही. पूर्वी त्यांना केवळ पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. बाल न्याय कायद्याने ही वाट सर्व धर्मीयांना खुली केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसे स्पष्ट केले. आता दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळतात, वारसाहक्कही.

म्हणून ज्यांना मूल हवे आहे त्यांनी निःशंकपणे नोंदणी करावी. इतरांनी अडचणीतल्या आईबापांना बाल संगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. ज्या मुलाला आई आहे, त्याला आईजवळच राहता यावे, ही आपली पहिली सेवा आहे.